गिरणी रस्त्याच्या पलीकडे आहे

पिठाची गिरणी रस्त्याच्या पलीकडे आहे आणि आम्ही अलीकडे राहतो. दळणाचा डबा घेऊन पलीकडे जायचं, दळण होईपर्यंत बाकावर बसून चार घरच्या बातम्या ऐकायच्या आणि गरम पीठ घेऊन परत यायचं, हे काम पूर्वी घरात कुणालाही सांगता यायचं. शाळेतल्या पोराला, नव्या सुनेला, गुडघे दुखणाऱ्या आजीला. आता दळणाला कोण जाणार हे ठरवावं लागतं. पोराला पाठवायचं नाही, आजीने तर रस्त्याच्या कडेलाही उभं राहायचं नाही, म्हणून घरातला धडधाकट माणूस कामावरून परत येईपर्यंत डबा दाराशी तसाच राहतो. मग मोटारसायकल काढायची, दुभाजकात जिथे वळायला जागा ठेवली आहे तिथपर्यंत जायचं, वळायचं, पुन्हा तेवढंच मागे यायचं. येताना परत तेच. पायलीभर ज्वारी दळायला पेट्रोल जाळावं लागतं, ही गोष्ट मला फार लागते.

तक्रार बारीक आहे. भवानीनगरमध्ये आणि आसपास अशा बारीक तक्रारी पुष्कळ साठल्या आहेत. ऊसदरासाठी आंदोलन होतं, पाण्याच्या पाळीसाठी मोर्चा निघतो, भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी माणसं कोर्टात जातात. दळणासाठी, थांब्यावरच्या सावलीसाठी, रात्रीच्या झोपेसाठी कुणी रस्त्यावर उतरत नाही. त्यामुळे या गोष्टी कुठल्याच कागदावर येत नाहीत, आणि जे कागदावर नाही त्यासाठी निधी पडत नाही.

बाहेरच्या वाचकासाठी गावाची थोडी ओळख करून देतो. बारामतीहून इंदापूरकडे निघालं आणि काटेवाडी मागे पडली की भवानीनगर लागतं, त्याला लागूनच पुढे सणसर. तालुका इंदापूर. पण बाजार बारामतीचा, मोठा दवाखाना बारामतीचा, मुलांची कॉलेजं बारामतीची. सातबारा, तहसील, पंचायत समिती यांच्यासाठी मात्र उलट दिशेची गाडी धरायची. म्हणजे कापड घ्यायचं असो की दाखला काढायचा असो, घरातून निघालेला माणूस आधी याच एका रस्त्यावर येऊन उभा राहतो. इथल्या माणसाचं अर्धं आयुष्य या रस्त्याच्या कडेला जातं, असं म्हटलं तर त्यात काही वाढवून सांगितल्यासारखं होणार नाही.

गाव मोठं झालं तेही पाण्यामुळे आणि कारखान्यामुळे. ब्रिटिशांनी १९व्या शतकाच्या अखेरीस भाटघर धरणाचं पाणी नीरा डाव्या कालव्यातून या दुष्काळी पट्ट्यात आणलं आणि उसाला जमीन मिळाली. जवळच वालचंदनगरला वालचंद हिराचंदांनी १९३०च्या दशकात खासगी साखर कारखाना काढला. १९५०मध्ये प्रवरानगरला सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम झाला आणि त्याच दशकात आमच्याकडे श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना उभा राहिला. कारखान्याबरोबर कामगारांची वसाहत आली, शाळा आली, किराणा, हॉटेलं, पंक्चरवाले, खतांची दुकानं आली. जी दुकानं आली ती रस्त्याच्या दोन्ही अंगाला बसली, कारण गिऱ्हाईक रस्त्यावर होतं. रस्ता हाच आमचा बाजार होता, चौक होता, आणि संध्याकाळी कामावरून सुटलेल्या माणसांनी उभं राहून बोलायची जागाही तीच होती. अलीकडचा माणूस पलीकडच्या दुकानात उधारी ठेवायचा. पलीकडच्या घरचं लेकरू अलीकडच्या अंगणात खेळायचं.

मग हा रस्ता संत तुकाराम महाराज पालखी मार्ग झाला. पाटसपासून बारामती, इंदापूर, अकलूजवरून तोंडले-बोंडलेपर्यंत साधारण १३० किलोमीटर, राष्ट्रीय महामार्ग ९६५जी. ८ नोव्हेंबर २०२१ला पंढरपूरच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीने त्याची पायाभरणी केली. चौपदरी रस्ता आणि दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पदपथ, असं तेव्हा जाहीर झालं. आम्हाला त्याचा आनंदच झाला आणि तो अजून आहे. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला बारामतीला न्यायचं असेल तर आता वेळ वाचतो. जुन्या अरुंद रस्त्यावर समोरासमोर धडका व्हायच्या, त्यात ओळखीची माणसं गेलेली आहेत. रस्ता नको होता असं म्हणणारा माणूस मला गावात भेटलेला नाही.

अडचण अशी की रस्ता आखताना जाणाऱ्याचा विचार झाला आणि राहणाऱ्याचा विचार राहून गेला. हे मी रागाने म्हणत नाही. थोडा हिशेब मांडतो. रस्त्याची एक मार्गिका साधारण साडेतीन मीटर रुंद असते. एका बाजूच्या दोन मार्गिका म्हणजे सात मीटर, कडेची पट्टी वेगळी. रस्ते आखणारे लोक धडधाकट माणूस सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास चालतो असं धरतात. म्हणजे एक बाजू ओलांडायला सहा सेकंद लागतात. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर अंतर कापते, सहा सेकंदांत १३० मीटरहून जास्त. आता गुडघे दुखणारी बाई घ्या. तिला त्याच सात मीटरला नऊ सेकंद लागतात आणि तेवढ्यात गाडी २०० मीटर पुढे येते. दुपारच्या उन्हात, डोळ्यात मोतीबिंदू उतरत असताना, २०० मीटरवरची गाडी किती वेगाने येते आहे हे तिने ओळखायचं. आणि हे दोनदा, आधी उजवीकडे बघून आणि मग दुभाजकाशी उभं राहून डावीकडे बघून. हातात पिशवी असते. दुभाजकावर चढायला पायरी नसते. साडी आवरत ती कशी चढते ते रोज कुणी ना कुणी पाहतं आणि जीव मुठीत धरतं.

यावरचे उपाय साधे आहेत: वस्ती सुरू होण्याआधी रंबलर, लुकलुकणारा पिवळा दिवा, ठळक पांढरे पट्टे, दुभाजकात पायी जाणाऱ्यापुरती सपाट मोकळी जागा, जमलं तर भुयारी मार्ग. यातलं काहीही नव्याने शोधून काढायचं नाही. सगळं इतरत्र आहे आणि त्याच्या मोजमापांसह पुस्तकांत आहे.

उलट्या बाजूने गाडी चालवणाऱ्यांबद्दलही इथेच सांगतो, कारण ते आमचेच शेजारी आहेत. दूधवाला, भाजीवाला, शाळेत पोर सोडायला निघालेला बाप. नियम मोडतात हे उघड आहे, आणि मोडू नये हे त्यांना मी तोंडावर सांगितलेलं आहे. पण घर आणि दुकान यांच्यात रस्त्याची एवढीशी रुंदी असताना कायद्याने चालायचं तर लांबचा वळसा पडतो, आणि तो दिवसातून कितीतरी वेळा घ्यायचा असतो. अशा ठिकाणी माणूस कडेकडेने उलटा येणार, हे रस्ता आखणाऱ्याला आधी कळायला हवं होतं. सेवा रस्ता सलग असता, मध्येच संपत नसता, तर त्याला उलटं यायचं कारणच उरलं नसतं. पोलीस पावती फाडतात, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच येतो. दंडाने सेवा रस्ता तयार होत नाही.

पदपथाचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी बारामतीहून निघते, काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, आमच्यासमोरून जाऊन सणसरला मुक्काम होतो आणि पुढे बेलवाडीला गोल रिंगण होतं. त्या दिवसांत पायी चालणारा माणूस या रस्त्याचा मालक असतो. वाहनं वळवतात, पाण्याचे टँकर उभे राहतात, रस्ता झाडून घेतात, आणि तसंच असायला हवं. पण देहूहून आलेल्या माणसाला जसे पाय आहेत तसेच कॉलनीतून दवाखान्यात निघालेल्या माणसालाही आहेत. पालखी पुढे गेली की पदपथावर खडीचा ढीग येतो, दुकानाचा फलक येतो, नादुरुस्त पिकअप येते, एखादी टपरी बसते. भारतीय रस्ते परिषदेच्या निकषात पायी चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरता येईल असा पदपथ हा घटनेच्या अनुच्छेद २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं स्पष्ट म्हटलं. टपरीवाल्याचं पोट आहे, त्याला हुसकावून लावा असं मी म्हणणार नाही. त्याला जागा आखून द्यावी आणि चालणाऱ्याला त्याची जागा परत द्यावी. शाळा सुटल्यावर मुली गाड्यांच्या पांढऱ्या रेषेच्या आतून चालतात, कारण रेषेच्या बाहेर चालायला जागा नाही.

थांब्याचंही तसंच आहे. रस्ता रुंद होताना कडेची जुनी झाडं गेली. वड, लिंब, चिंच. त्यांच्याखाली माणसं एसटीची वाट बघायची, म्हणजे शेड नसली तरी सावली होती. २०२०मध्ये सांगली जिल्ह्यात भोसे गावच्या जुन्या वडासाठी लोक उभे राहिले आणि रत्नागिरी–नागपूर महामार्गाची आखणी तिथे बदलली गेली. आम्ही आमच्या झाडांसाठी तसं उभं राहिलो नाही, तेव्हा मोबदल्याच्या कागदांत सगळे गुंतलेले होते. आता एप्रिलमध्ये दुपारी एक वाजता थांब्यावर उभं राहून बघावं. सरकारने ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरीच्या वरच्या ज्येष्ठांना एसटी मोफत केली, मार्च २०२३पासून बायकांना निम्मं तिकीट केलं, बारावीपर्यंतच्या मुलींना पास मोफत आहे. या चांगल्या योजना आहेत, त्यांनी म्हातारी माणसं आणि पोरी घराबाहेर पडायला लागल्या. नेमकी हीच माणसं उन्हात उभी आहेत. पत्र्याची शेड, बसायला कट्टा, गाड्यांच्या वेळा लिहिलेला एक फलक आणि शेडच्या मागे दोन लिंबाची रोपं एवढ्याने काम होतं. शेड जिथे आहेत तिथे त्यांच्यासमोर वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, आणि आत बसलेल्या माणसाला येणारी गाडी दिसत नाही. बेकायदा फलकांबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७मध्येच सविस्तर आदेश दिलेले आहेत. ज्याचा वाढदिवस आहे त्याला शुभेच्छा आहेतच. फ्लेक्स वीस पावलं बाजूला लावला तरी त्या पोहोचतात.

आता हंगामाबद्दल. मळीच्या वासाबद्दल मी तक्रार करणार नाही. या वासावर इथली घरं चालली, पोरं शिकली, लग्नं झाली. पाहुणे नाक धरतात, आम्हाला तो वास आला की हंगाम नीट चालू आहे असं वाटतं. ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असणार, तेही ठरलेलं आहे. माझं म्हणणं ज्या गोष्टींनी कुणाचंच पोट भरत नाही त्यांच्याबद्दल आहे.

पहिली, अंधार. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यावर उंच रचलेला ऊस, आणि मागे ना दिवा ना परावर्तक पट्टी. उसाची वाढी इतकी खाली लोंबते की पट्टी असली तरी झाकून जाते. मोटार वाहन नियमांत मागचे परावर्तक सक्तीचे आहेत आणि दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला ते लावण्याच्या आवाहनाच्या बातम्या छापून येतात. एका ट्रॉलीला पट्टी लावायला फार खर्च येत नाही. मोटारसायकलवरून घरी येणाऱ्या माणसाला ती ट्रॉली दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. उसाच्या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात विचारा, अशा ट्रॉलीवर आदळून गेलेल्या माणसाचं नाव सांगता येणार नाही असं गाव मिळायचं नाही.

दुसरी, दगड. ट्रॉलीचा आस तुटला किंवा टायर फुटला की चालक मागे मोठे दगड मांडतो, फांदी लावतो. त्या वेळी त्याच्याकडे दुसरं साधन नसतं आणि तो आपल्या परीने इतरांचा जीव वाचवत असतो. दुरुस्ती झाली की ट्रॅक्टर निघून जातो आणि दगड रस्त्यातच राहतात. पहाटे दूध घालायला निघालेला पोरगा त्या दगडावर जातो. प्रत्येक ट्रॅक्टरबरोबर घडीचा परावर्तक त्रिकोण दिला, तर दगडांची गरजच पडणार नाही. तोवर ज्याने दगड मांडले त्याने ते उचलून कडेला टाकावेत. एवढी विनंती मी चालकांना हात जोडून केली आहे, पुढेही करीन.

तिसरी, गाणी. रात्री एक वाजता भरलेला ट्रॅक्टर स्पीकर पूर्ण लावून वस्तीतून जातो, घराच्या काचा थरथरतात, तान्ही मुलं उठतात. ध्वनिप्रदूषण नियम २०००चे आहेत. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी. चालकांशी बोललो तेव्हा त्यांनी सांगितलं की गाणी बंद केली तर झोप लागते. ते मला खरं वाटतं. शेतातून भरून निघायचं, वजनकाट्याच्या रांगेत रात्र काढायची, रिकामं होऊन पुन्हा फडावर जायचं, त्यात त्यांना पाठ टेकायला मिळत नाही. म्हणून या तक्रारीत मी त्यांच्यासाठीही मागतो: रांगेजवळ झोपायला पत्र्याची का होईना खोली, नळ आणि संडास. झोप झालेल्या चालकाला एवढी मोठी गाणी लागणार नाहीत. बीड आणि अहिल्यानगरकडून येणाऱ्या तोडणीच्या टोळ्यांबद्दलही हेच. त्यांच्या कोप्या रस्त्याच्या इतक्या जवळ असतात की लहान लेकरं गाड्यांच्या अगदी शेजारी खेळतात. कोप्यांच्या आणि रस्त्याच्या मध्ये तारेचं कुंपण घालायला अडचण काय आहे, ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

पावसाळ्याचं थोडक्यात. रस्त्यावर थर चढत गेले तशी कडेची घरं आणि दुकानं खाली गेली. पूर्वी ओट्यावरून दोन पायऱ्या उतरून रस्त्यावर यायचो, आता काही ठिकाणी रस्त्यावरून दोन पायऱ्या उतरून ओट्यावर जावं लागतं. पाणी वाहून जायची जुनी वाट भरावाने अडली की ते घरात शिरतं. २०२५च्या मे अखेरीस बारामती-इंदापूर भागात अवेळी जो पाऊस झाला, त्यात पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला आणि घरांत, शेतांत पाणी घुसलं. कालवा फुटणं ही मोठी गोष्ट, तिथे मंत्री आले, पंचनामे झाले. गटारावरची फरशी तुटलेली असणं ही लहान गोष्ट. पण त्याच पाण्यात चालताना फरशी कुठे तुटली आहे हे दिसत नाही, आणि पाय आत जातो.

या सगळ्यासाठी कुणाकडे जायचं, हाच मुख्य प्रश्न आहे. रस्ता केंद्राचा, गटार कुणाचं ते विचारावं लागतं, दिव्यांचं बिल ग्रामपंचायतीकडे येतं की येत नाही यावर वाद, थांबा एकाचा, थांब्याखालची जमीन दुसऱ्याची, वाहनांची तपासणी तिसऱ्याची. माणूस अर्ज घेऊन जातो, तिथे सांगतात हे आमच्याकडे येत नाही. सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याच्याकडे ते खरंच येत नसतं. पण मग तुटलेली फरशी कुणाच्याच हद्दीत नाही आणि चालणाऱ्याचा पाय मात्र त्याचा स्वतःचा, असं होऊन बसतं. महिन्यातून एक दिवस सगळ्या संबंधित खात्यांचा एकेक माणूस गावात येऊन बसला आणि रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी चालला, तर निम्मी कामं तिथल्या तिथे ठरतील. गाडीतून पाहणी करू नये. गाडीतून हा रस्ता फार चांगला दिसतो.

"एवढ्याशा गोष्टींसाठी कशाला त्रास करून घेता" असं मला आपुलकीने सांगणारे लोक आहेत. त्यांना माझं उत्तर असं की आमच्या भागाने मोठी कामं करून दाखवलेली आहेत. दुष्काळी माळावर ऊस पिकवला, शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना उभा केला, सणसर कट या जोडकालव्याच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं भांडत राहिलो. ज्या गावांना हे जमलं त्यांना दुभाजकात पायी जाण्यापुरती वाट आणि थांब्यावर पत्रा मिळवणं अवघड असायला नको.

ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. त्यातली एक बहुधा २ ऑक्टोबरला होते, कारखान्याच्या बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आणि पहिल्या मोळीच्या तोंडावर. त्या सभेला बायकांनी यावं, कारण रस्ता सगळ्यात जास्त त्या ओलांडतात. कॉलनीतल्यांनी आणि वस्त्यांवरच्यांनीही यावं. शेजारच्या सणसर, जाचकवस्ती, काटेवाडीकरांनी आपापल्या सभेत हाच ठराव घ्यावा, म्हणजे तो एका गावाचा हट्ट ठरणार नाही. ठरावात चार गोष्टी पुरेत: वस्तीच्या दोन्ही टोकांना रंबलर आणि दिवा, दुभाजकातली पायवाट, थांब्यावर शेड, आणि पट्टी व त्रिकोण नसलेल्या ट्रॉलीला वजनकाट्यावर प्रवेश नाही. शेवटची अट सर्वांत सोपी आहे, कारण प्रत्येक ट्रॉली काट्यावर एकदा थांबतेच. ठराव त्या दिवशी झाला, तर पहिली ट्रॉली रस्त्यावर यायच्या आत पट्ट्या लावून घ्यायला पुरेसे दिवस हातात राहतात.